‘देव मानण्यात जातंय काय?’ जातं की!

एक मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतोय. शब्द बदलतात, सांगाडा तोच. देव मानलात आणि तो निघाला, तर सगळंच मिळालं. नसला, तर काहीच गेलं नाही. मानला नाहीत आणि तो निघाला, तर मात्र मेलात. तेव्हा शहाण्यानं देव मानावा. खाली हमखास शेपूट: ‘हे पास्कल या थोर गणितज्ञानं सिद्ध केलंय.’

आधी शेपटाचं बघू. ब्लेझ पास्कलनं १६५४ साली फर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला, हे खरं. पण देव आहे असं त्यानं सिद्ध केलेलं नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. हा युक्तिवाद ‘पास्कलची पैज’ म्हणून ओळखला जातो; तो त्याच्या एका टिपणात आहे, आणि बुद्धीला याचा निकाल लावता येत नाही, हे तर त्या टिपणाचं गृहीतकच आहे. १६६२ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला. टिपण त्याच्या सुट्या कागदांत सापडलं आणि १६७० मध्ये छापलं गेलं. त्याचा स्वतःचा विश्वासही पैजेतून आलेला नव्हता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला काहीतरी विलक्षण जाणवलं, ते त्यानं लिहून ठेवलं, आणि तो कागद मृत्यूनंतर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला मिळाला. आपला देव ‘तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे’ असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

‘देव आहे किंवा नाही, दोनच शक्यता.’ खरी गोम इथे आहे. कुठला देव? हाच युक्तिवाद एखादा इमामही तितक्याच जोरात करू शकेल, असा टोमणा दिदरो या फ्रेंच तत्त्वज्ञानं अठराव्या शतकातच मारून ठेवलाय. एका देवाला भजणं हाच दुसऱ्याच्या दरबारी सर्वांत मोठा गुन्हा असेल, तर आस्तिकाचीही फाशी टळत नाही. फक्त न्यायाधीश बदलतो. म्हणजे नफा-तोट्याच्या तक्त्यात दोन ओळी नाहीत, हव्या तितक्या आहेत. त्यातली एक माझ्या आवडीची: असा देव, ज्याला हिशेबी भक्तांचा वीट आलाय आणि ‘मला खरंच माहीत नाही’ म्हणणाऱ्याला जो जवळ करतो. तो नसेलच, हे कशावरून? आणि तो असलाच, तर हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांचीच पंचाईत.

‘मानायला काय जातंय?’ आईचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मावशी नेमकं हेच म्हणाली. “हात जोड रे, त्यात काय जातंय?” मी जोडले. डोळे मिटल्यावर देव काही आला नाही, घासाघीस आली. आई वाचली तर अमुक सोडीन, तमुक करीन. डॉक्टर बाहेर येऊन बोलून गेले तरी माझी बोली संपली नव्हती; ते काय म्हणाले हे मला नंतर मावशीलाच विचारावं लागलं. तर जातं ते हे.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, सव्वातीन वाजले होते. ‘सहा वाजलेत असं मान, आई नक्की वाचेल,’ असं कुणी सांगितलं असतं, तर मी शंभरदा ‘सहा’ म्हणालो असतो. पण मानलं नसतं. मानता आलंच नसतं. पास्कलला ही अडचण ठाऊक होती. त्याचा सल्ला असा की, विश्वास बसल्यासारखं वागत राहा, तीर्थजल घ्या, प्रार्थना करवा, हळूहळू बसेल. सल्ला प्रामाणिक आहे. पण मग ‘काहीच जात नाही’ कसं? आपल्याच बुद्धीला वर्षानुवर्षं वळण लावून गप्प करायचं, ही किंमत थोडी आहे का?

‘देव असला तर लाभ अनंत, म्हणून शक्यता कितीही कमी असली तरी मानावाच’ हा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. बक्षीस अनंत धरलं की गणितच कोलमडतं: नाणं उडवून ‘छापा पडला तर मानेन’ म्हणणाऱ्यालाही अनंताचा निम्मा, म्हणजे अनंतच, मिळतो. मग कट्टर भक्तात आणि त्याच्यात फरक काय उरला?

राहता राहिला तो संस्कृत श्लोक, जो हल्ली याच मजकुराला जोडून येतो: ‘यदि न स्यात्ततः किं स्यात्, अस्ति चेन्नास्तिको हतः’. नसला तर काय बिघडलं, असला तर नास्तिक मेला. ही झाली दुसरी ओळ. पहिली गाळलेली असते. ती सांगते की परलोकाविषयी शंका असली तरी शहाण्यांनी अशुभ टाकावंच, ‘त्याज्यमेवाशुभं बुधैः’. म्हणजे इथे शंका परलोकाची आहे, आणि पैज वागण्यावर आहे. देव मानण्याबद्दल अवाक्षर नाही. आणि परलोक न मानणाराही अशुभ टाकतच असेल, तर तो नेमका कशासाठी ‘हतः’, हे काही श्लोककर्त्याला सुचलेलं दिसत नाही.