मेरेवरची फुलं जाळायला निघालेल्यांसाठी

“शेताच्या मेरेवर (बांधावर) रानफुलं ठेवू नका. फुलांवर येणाऱ्या माश्या भातात अंडी घालतात, त्यातूनच खोडकिडा होतो. लावणीआधी मेर तणनाशकाने जाळून साफ करा. फुलं खतही खातात, पीक घटतं.” गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. परवा तो वाचून माझ्या मामांनी पंप भरायला घेतला, म्हणून हे लिहावं लागतंय.

खोडकिडा माशीचा नसतोच, तो पतंगाचा! पिवळट पतंगाची मादी भाताच्या पातीच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि वरून तपकिरी लव चिकटवते. अळी खोडात शिरते, मग गाभा सुकतो, नाहीतर लोंबी पांढरी, पोकळ निघते. मेसेजमधली ‘माशी’ म्हणजे बहुधा ट्रायकोग्रामासारखी परोपजीवी गांधीलमाशी, आकाराने मिलिमीटरभरसुद्धा नाही. ती अंडी घालते, पण भातात नव्हे, पतंगाच्या अंड्यांत. तिची पिल्लं ते अंडं आतून खाऊन टाकतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. शिवाय तिला जगायला मकरंद लागतो. भाताचं फूल बहुतेक आपल्याच परागाने फळतं, त्याच्यात मकरंद नाही. तो मिळतो मेरेवर, आणि तीच जाळायची?

एक गोष्ट अर्धी खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. मेरेवरच्या गवतावर लोंबीवरच्या ढेकण्या वाढतात आणि दाणा भरताना भातावर उतरतात. पण ते गवत. लोंब्या येण्याआधी विळ्याने कापा. रानमोडी हे तण दिसलं तर तेही उपटा. तेरड्याने काय घोडं मारलंय?

पीक घटतं म्हणे. थायलंड, चीन आणि व्हिएतनाममध्ये चार वर्षं भातशेतांच्या बांधांवर मकरंदाची फुलझाडं लावून पाहिलं. २०१६ साली ‘नेचर प्लांट्स’मध्ये निष्कर्ष छापून आले: कीटकनाशकं ७० टक्क्यांनी कमी, उत्पादन ५ टक्क्यांनी जास्त. आपल्याकडे मकरंदासाठी तीळ लावणार असाल तर उंच मेरच निवडा, साचलेलं पाणी त्याला सोसत नाही.

आणि लावणीनंतरचे पहिले ४० दिवस पानं खाणाऱ्या अळ्या दिसल्या म्हणून लगेच फवारू नका. भाताचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात असतात, तिथे औषध पोचत नाही. मरतात ते कोळी आणि परोपजीवी माश्या, आणि मागाहून निघालेल्या तुडतुड्यांना खायला शेतात कोणीच उरत नाही.