कचरा मिळेल का, कचरा?

आमच्या घरात पर्यावरण आलं ते फेब्रुवारीत, लेकीच्या वाढदिवसाला. "बाबा, मला काही नको. फक्त आजपासून आपल्या घरातला ओला कचरा घराबाहेर जाता कामा नये." एकविसाव्या वर्षी पोरगी स्कूटर न मागता एवढंच मागते म्हटल्यावर कुठला बाप विरघळणार नाही? मी हो म्हणालो. आता वाटतं, स्कूटर स्वस्तात पडली असती.

तसा कचऱ्याच्या बाबतीत मी हळवा माणूस आहे. पुण्यात राहून तसं व्हावंच लागतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या, तेव्हा चार दिवसांत आमच्या कोपऱ्यावर डोंगर उभा राहिला होता. 'त्या गावांनी आपली घाण का म्हणून सोसायची?' असं मी तेव्हा प्रत्येकाला तळमळून सांगत होतो. नाकावर रुमाल होता, त्यामुळे ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

तर, खताची कुंडी ऑनलाइन मागवली. एकावर एक तीन मातीच्या कुंड्या आणि वर झाकण. ती आली खोक्यात, ते खोकं आणखी एका खोक्यात, आणि दोन्हींच्या मधे एवढं थर्माकोल, की त्यात गणपतीचा देखावा झाला असता. मग कोकोपीटची वीट आली, कल्चरची पावडर आली, फवारणीची बाटली आली, खुरपं आलं. लेकीनं त्यातच बांबूचे टूथब्रश, काथ्याच्या घासण्या आणि स्टीलच्या चार स्ट्रॉ मागवल्या. आमच्या घरात चहा सोडून कुणी फारसं काही पीत नाही, आणि चहा स्ट्रॉनं पिऊन पाहिलात तर जीभ पुढचे दोन दिवस बोलू देत नाही. हे अनुभवाचे बोल आहेत.

आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. आठवडाभर त्यांनी काही म्हटलं नाही. मग एक दिवस दारात थांबल्या.

"काका, तुमचा वला बंद झाला ते ब्येस झालं. पण सुका लई वाढलाय. घरात दुकान टाकलंय का काय?"

मी पर्यावरणाबद्दल दोन वाक्यं बोललो. त्या खोकी पायानं दाबून चपटी करत म्हणाल्या, "चालू द्या. पुठ्ठ्याला भाव येतो." माझ्या या उपक्रमातून आजवर कुणाला चार पैसे मिळाले असतील, तर ते त्यांनाच.

आता खताचं शास्त्र. सालं, देठं, चहाचा चोथा हे 'हिरवं', म्हणजे नत्र जास्त असलेलं. वाळलेली पानं, लाकडाचा भुसा हे 'तपकिरी', म्हणजे कर्ब जास्त असलेलं. एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असं प्रमाण जमलं की खत. हिरवं जास्त झालं की अमोनियाचा वास. पाणी जास्त झालं, हवा कोंडली की सडक्या अंड्यांचा. पहिल्या पंधरा दिवसांत आम्ही दोन्ही वास घेतले. शेजारच्यांनीही घेतले, पण ते सुसंस्कृत लोक असल्यामुळे त्यांनी फक्त उदबत्त्या वाढवल्या.

तेव्हा तपकिरी हवं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या रस्त्यावरचे शिरीष सगळं अंगावरचं काढून उभे राहतात, तो मोसम होता. वाळलेली पानं जाळू नका, ज्याला हवीत त्याला द्या, असं सांगणारा 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम आपल्या पुण्यातच चालतो, ही माहिती लेकीनं पुरवली. पोतं बायकोनं पुरवलं. पहाटे साडेपाचला, कुणी बघायच्या आत, मी रस्त्यावर पानं गोळा करायला उतरलो. पण पुण्यात पहाटे साडेपाचला रस्त्यावर फक्त ओळखीचेच लोक असतात. पहिल्या दिवशी हास्यक्लबच्या काकांनी "निवृत्त झालात वाटतं?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी वॉचमननं पोत्यात हात घालून खात्री केली. तिसऱ्या दिवशी एक सद्गृहस्थ माझ्याजवळ थांबले, खिसा चाचपला आणि माझ्या पायातल्या बुटांकडे पाहून पुढे गेले.

पानांची तीन पोती जमली. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, पण कर्बाच्या बाबतीत आम्ही श्रीमंत झालो. आणि तेव्हा लक्षात आलं, की आता नत्र नाही. आमच्या घरात ओला कचराच होत नव्हता.

याला कारण आई. आजवर मी समजत होतो, की आपल्या घरात इतर चारचौघांसारखाच कचरा होतो. कुंडी आल्यावर मी प्रथमच ओट्याशी दबा धरून बसलो आणि हादरलो. दोडका चिरला, मी हात पुढे केला, तर आई म्हणाली, "शिरांना हात लावू नकोस, चटणी करायचीय." दुधीचं साल? तीळ घालून चटणी. कोथिंबिरीची देठं? वाटणात. फ्लॉवरचे दांडे भाजीत, मुळ्याचा पाला पीठ पेरून. तांदळाचं धुवण तुळशीला, शिळी पोळी फोडणीला. त्या दिवशी माझ्या वाट्याला दोन कांद्यांची सालं आणि एक मिरचीचं देठ आलं. तीन पोती पानांच्या समोर.

"आई, थोडं पर्यावरणासाठीही ठेव की."

"मग मी काय अन्न टाकू?" तिनं ज्या आवाजात विचारलं, तो मी शाळेत डबा परत आणल्यावर ऐकला होता.

त्यात लेकीनं दुसरी आघाडी उघडली. बायोएन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-लिंबाची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. मग त्यानं फरशी पुसायची. म्हणजे एका संत्र्याच्या सालीचे आता तीन दावेदार झाले. आईला ती उटण्यासाठी वाळवायची होती, लेकीला मुरवायची होती आणि मला कुजवायची होती. आमच्या घरात जमिनीवरून कधी भांडण झालं नाही, कारण जमीनच नाही. पण सालीवरून झालं. शेवटी बायकोनं न्याय दिला: संत्र्याचं आईंना, लिंबाचं पोरीला, आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही केळी खा."

मी केळी खाल्ली. दिवसाला चार. डॉक्टरांनी साखरेचा आकडा पाहून विचारलं, "केळी कशासाठी?" म्हटलं, "नत्रासाठी." त्यांनी चष्मा काढून ठेवला.

बायोएन्झाइमच्या बाटलीत वायू साठतो, पहिला महिना तरी झाकण रोज सैल करून तो सोडावा लागतो. हे काम वेळापत्रकानुसार माझ्याकडे होतं, आणि वेळापत्रक फ्रिजवर होतं. एका दुपारी स्वयंपाकघरात दिवाळीतल्या सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. छतापासून कुकरपर्यंत गूळपाणी. फरशी स्वच्छ करण्याचा द्रव फरशीवरून पुसायला तीन बादल्या पाणी आणि नेहमीचं, बाजारातलं, निळ्या बाटलीतलं फिनाईल लागलं. मुंग्या पुढे महिनाभर येत होत्या. दर्शनाला याव्यात तशा, रांगेनं.

नत्रासाठी मी मंडईत गेलो. भाजीवालीपुढे फ्लॉवरच्या पानांचा ढीग पडला होता. म्हटलं, "हे टाकणारच ना? मी नेऊ?"

"शेळीचं हाय ते."

पुढच्या गाळ्यावर कणसांची सालं. ती गोठेवाला नेतो म्हणे. उसाच्या गुऱ्हाळावर चिपाडाला हात घातला, तर त्यालाही कुणीतरी सांगून ठेवलेलं. साऱ्या मंडईत फुकट आणि बेवारस काय होतं, तर मी. शेवटी अर्धा किलो पालक घेतला, खास कुजवायला. तो पिशवीतून काढताना आईनं पाहिला आणि त्याची ताकातली भाजी केली. फार छान झाली होती.

मग मी शेजारी मागायला लागलो. विरजण मागावं, साखर मागावी, तसं डबा घेऊन उभा राहायचो. "वहिनी, आज काही साल वगैरे?" समोरच्या वहिनी चांगल्या. त्या डबा भरून द्यायच्या, पण रिकामा डबा परत देऊ नये ही आमची रीत. म्हणून बायकोला दर वेळी त्यात काहीतरी घालून पाठवावं लागायचं. त्यांच्या फणसाच्या चारखंडांच्या बदल्यात आमच्या खोबऱ्याच्या वड्या गेल्या, तेव्हा तिनं हा व्यवहार थांबवला.

एप्रिलमध्ये कुंडीत अळ्या झाल्या. जाड, करड्या, तांदूळ उकळावा तशा खदखदणाऱ्या. बायकोनं झाकण उघडलं आणि ती माहेरी फोन करायला गेली. लेकीनं पुण्याच्या दुसऱ्या टोकाच्या होस्टेलवरून व्हिडिओ कॉलवर खुलासा केला, की या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, अत्यंत उपयोगी, कचरा झपाट्यानं फस्त करतात, आणि ती माशी चावतही नाही. आई शांतपणे म्हणाली, "कचरा फस्त करतात ना? मग याला परत वहिनींकडे डबा घेऊन जावं लागणार."

(लेक होस्टेलवर राहते, हे सांगायचं राहिलं. जिच्या वचनासाठी हे चाललं होतं ती शनिवार-रविवारी यायची, कुंडीबरोबर फोटो काढायची आणि जायची.)

सोसायटीतही बातमी पोहोचली. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक प्रकल्प असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के, हे समजल्यावर सेक्रेटरींनी सभा बोलावली. सभेत उपसमिती नेमली गेली. उपसमितीच्या पहिल्या बैठकीला वडापाव होते, कागदी डिशमध्ये, डिश प्लॅस्टिकच्या पिशवीत. पुढे काही कळलं नाही.

मेअखेरीला खत झालं. काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं. चाळून, वाळवून वजन केलं: पावणेदोन किलो. मी ते ओंजळीत घेऊन आईसमोर गेलो. "तुळशीला घालूया."

"त्यात कांद्याची सालं आहेत."

"आता त्याची माती झाली, आई."

"माझ्या तुळशीला नको."

आमच्या घरात तुळस सोडून दुसरं झाड नव्हतं. मग एक मोठी कुंडी विकत आणली, माती विकत आणली, त्यात ते पावणेदोन किलो कालवलं. लावायचं काय यावर एकमत होईना. बायको म्हणे मोगरा, लेक म्हणे मायक्रोग्रीन्स. तेवढ्यात पाऊस पडला आणि कुंडीतून दोन जाड पानं आपणच वर आली. वहिनींकडच्या डब्यातून आलेलं लाल भोपळ्याचं बी, न कुजलेलं.

वेलानं ग्रिल धरली, पानांची पोती धरली, वरच्या मजल्यापर्यंत गेला. आधी सगळी नरफुलं आली. आईनं त्यांची भजी केली. ऑगस्टात एक मादी फूल आलं. शहरात मधमाश्यांवर विसंबून राहू नका, असं लेकीचं म्हणणं. म्हणून सकाळी साडेसहाला मी नरफूल तोडून त्यावर टेकवत होतो.

"अहो, काय करताय?"

"लग्न लावतोय."

एक भोपळा धरला. नारळापेक्षा थोडा मोठा. हिशोब केला तर हा किलोला साडेतीन हजाराच्या आसपास पडला, पण हिशोब मी घरात दाखवला नाही. सप्टेंबरात तो उतरवला आणि आईनं घारगे केले. मी ओट्याशी डबा घेऊन उभाच होतो.

"साल?"

"किसून, तीळ घालून चटणीला."

"बिया?"

"वाळत घातल्यात. सोलून खायच्या."

मी तिथंच उभा राहिलो. तिला दया आली असावी. तिनं भोपळ्याचा देठ माझ्या तळहातावर ठेवला. मी तो बाल्कनीत नेला, बारीक कापला, कुंडीत टाकला आणि वर दोन मुठी पानं पसरली.