पाच पाऊणे पावणेचार

पाठीवर पिशव्या अडकवून कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही टोळीच्या आखणीत एक ओळ ठरलेली असते : ‘दिवस चौथा. मालवण. समुद्र, स्थानिक संस्कृती, निवांत.’ पहिल्या तीन दिवसांपुढे गाड्यांच्या वेळा, तिकिटं, अंतरं असं सगळं लिहिलेलं. चौथ्या दिवसापुढे नुसता ‘निवांत’. माझा अनुभव विचाराल तर सगळ्या दौऱ्यात खरी तयारी याच दिवसाला लागते. गड चढायला पाय पुरतात, निवांत बसायला मात्र पंचांग लागतं.

हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. सहा जणांकडे सहा फोन असतात आणि त्यातल्या एकालाही आज तिथी कोणती हे ठाऊक नसतं. ती उतरलो त्या घराच्या स्वयंपाकघरात, दुधाचा हिशेब लिहिलेल्या कॅलेंडरवर असते. आणि समुद्र चालतो तिथीवर. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज सगळं वेळापत्रक साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकलेलं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमाराला एक भरती आणि दुपारी त्याच सुमाराला दुसरी. त्यातून सहा तास मागेपुढे गेलं की ओहोटी. गावागणिक थोडा फरक पडतो, पण बॅगा वाचवायला एवढा हिशेब पुरतो. पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे पाठ केलेल्या आजोबांची आपण जी टिंगल केली, तिची परतफेड मालवणात होते.

बॅगांचंच घ्या. पंचमीला सकाळी दहाला किनाऱ्यावर पोचलं की ओहोटी असते. समुद्र पार लांब गेलेला, मधे ओल्या वाळूचं मैदान. टोळी ‘पाण्यापासून लांब’ अशी जागा हेरते आणि सहाही बॅगा तिथे रचते. राखणीला एक जण, पाळीपाळीनं. ही पाळीपाळीची व्यवस्था कागदावर उत्तम असते. प्रत्यक्षात राखणदार दुसऱ्या पाळीला झोपतो. साडेतीनला समुद्र येऊन पहिली बॅग हुंगतो. यात समुद्राची चूक नाही. त्यानं सकाळीच सही करून ठेवलेली असते : वाळूवर सुकलेल्या शेवाळाची, शिंपल्यांची, काटक्यांची आणि बाटल्यांच्या बुचांची एक वाकडीतिकडी रेघ दिसते ना, ती मागच्या भरतीची हद्द. बॅगा त्या रेघेच्या वर, आणि वर म्हणजे चांगल्या आठदहा पावलं वर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, तेव्हा त्याहून मागे. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे मंद भरती, तेव्हा समुद्रही जरा आळसावलेला असतो.

मग सावली. सगळे सुरूच्या झाडाखाली चटई टाकतात आणि दुपारभर चटई ओढत हिंडतात. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून बसलेला, सुरूचं बन त्याच्या पूर्वेला. सकाळी सूर्य बनामागे, म्हणून सावली वाळूवर पडते. दुपार उलटली की सूर्य समुद्रावर आणि सावली झाडांच्या पलीकडे, कोणाच्या तरी परसात. त्यामुळे ‘दुपारी निवांत सुरूखाली पडू’ हा बेत करणाऱ्यानं आधी दिशा पाहाव्यात. तीन वाजता तारकर्लीच्या वाळूवर अनवाणी जे नृत्य होतं, त्याला स्थानिक संस्कृती म्हणत नाहीत. ते फक्त पाहुणेच करतात.

पोहण्याबद्दल विनोद नको. लाटा फुटताहेत त्याच्या मधोमध एखादा पट्टा गुळगुळीत, शांत दिसतो, आणि घाबरट माणूस नेमका तिथे उतरतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी बऱ्याचदा त्याच वाटेनं परत आत जात असतं. पाय सुटले तर किनाऱ्याच्या दिशेनं हात मारत बसायचं नाही, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याला यायचं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटी लागली की नदी आणि समुद्र दोघंही एकाच दिशेला धावतात, आपण मधे पडायचं कारण नाही. जाळं विणत बसलेल्या कोणालाही विचारावं. तो वर न बघता म्हणतो, “हयसर नको, थयसर जावा.” एवढं पुरे. कारणं विचारत बसू नये.

सकाळी नशीब असेल तर रापण दिसते. होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धवर्तुळ टाकत लांबवर परत किनाऱ्याला लागते आणि मग दोन टोकांचे दोर दोन तुकड्या ओढू लागतात, ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात. याला दोन-दोन तासही लागतात. पाहुण्याला वाटतं आपणही हात लावावा. हरकत नाही, कोणी नको म्हणत नाही. पण आपण दोर मनगटानं ओढतो; ते कमरेनं ओढतात, अंग मागे टाकून, पावलं वाळूत रोवत. पाच मिनिटांत तळहाताची सालं निघतात आणि लक्षात येतं की आपण दोर ओढत नसून दोराला टांगलेलो आहोत. शिवाय फोटोसाठी दुसरा हात सोडलेला. जाळ्यात पेडवे, बांगडे काय येतील त्याचे वाटे होतात, त्या वेळी घुटमळू नये. मासळी हवी असेल तर विकत मागावी, आणि ‘मी पण ओढलं ना’ हे वाक्य मनातल्या मनात म्हणावं.

मासळीवरून जेवण. घरगुती खानावळीत सकाळी नऊच्या आत माणसं किती ते सांगावं लागतं, कारण बाजार, वाटण, नारळ सगळं त्यावर ठरतं. सहा जणांच्या टोळीला हा आकडा सांगता येत नाही. एक जण ‘बघू’ म्हणतो, एक उपाशी राहणार असतो, आणि जो शाकाहारी असतो तो दुपारी एक वाजता जाहीर करतो. काकी काही बोलत नाहीत. फक्त आमटी वाढवण्यासाठी आत जातात. वारही पाहावा : सोमवारी कित्येक घरांत मासळी शिजत नाही, गुरुवार-शनिवारीही काही घरांत नाही. टोळीनं नेमका सोमवार ‘मासे खाण्यासाठी’ राखलेला असतो.

ताटात नवख्यानं सुरमईपासून सुरुवात करावी, मधला एक काटा काढला की झालं. मग बांगडा. पेडवे हे पदवीनंतरचं शिक्षण आहे. त्यांच्या अंगात मासा कमी आणि काटे जास्त. बांगड्याच्या तिखल्यात काळपट दाणे तरंगतात ती तिरफळं. ती वासाला असतात, चावायला नाहीत. चावलं तर जीभ आणि ओठ बधिर होतात आणि माणूस दहा मिनिटं ‘श’ला ‘फ’ म्हणतो. सोलकढी ग्लासात ठेवून गप्पा मारत बसू नये. एका मोठ्या नारळाचं दूध, दहाबारा आमसुलांचं पाणी, ठेचलेली लसूण-मिरची, मीठ, वर कोथिंबीर, असा तो जीव. उन्हात तासभर ठेवली की पाणी खाली, दूध वर. गरम तर कधीच करू नये, फाटते. टोळीतल्या एकाला मात्र ‘थोडी गरम करून मिळेल का’ असं विचारायचंच असतं.

जेवणानंतर एक ते चार गाव झोपतं. दुकानं बंद, रिक्षा सावलीत, रिक्षावाला मागच्या सीटवर आडवा. ही खरी निवांत वेळ. गाव ती सराईतपणे वापरतं. आपण मात्र याच वेळात ‘काहीतरी करू’ म्हणून धक्क्यावर जातो आणि सिंधुदुर्गाची होडी भरायची वाट पाहत उन्हात उभे राहतो. होडी माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. सुटली की कुरटे बेटावर उतरवून तासाभरानं परत नेते. त्या तासात दार दिसत नाही असा गोमुखी दरवाजा, चुन्यात उमटलेले हातापायांचे ठसे, शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड राहिलेल्या विहिरी, एवढं सगळं बसवायचं. किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं आणि तीन वर्षांत पुरं झालं. आमच्या सहा जणांत चहा की लिंबूसरबत यावर एकमत व्हायला चाळीस मिनिटं लागतात.

संध्याकाळी वाळूचा हिशेब. वाळू ओल्या अंगाला चिकटते, म्हणून ओली असताना पुसत बसलं की फक्त जागा बदलते. ती सुकू द्यावी आणि मग झटकावी. घाई असेल तर अंगाला साधी पावडर चोळावी. ती ओल ओढून घेते आणि वाळू झरझर गळते. जाड टॉवेल घेऊन येणाऱ्याची मला नेहमी दया येते. तो टॉवेल कोकणातल्या हवेत दोन दिवस वाळत नाही, तिसऱ्या दिवशी त्याचा वास बाकीच्या पाचांना ओळखीचा होतो. पंचा आणावा. पिळून दांडीवर टाकला की तासाभरात कोरडा, आणि डोक्याला, कमरेला, नारळ गुंडाळायलाही चालतो. बॅगेच्या चेनीत वाळू शिरली तर ओढाताण करू नये. जुन्या ब्रशनं झाडून दातांवरून मेणबत्ती फिरवावी. ब्रश कोणाचा, यावर वाद होतो.

आणि मग स्थानिक संस्कृती. ती रात्री असते हे आखणी करणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, त्याही तिथीवर, आणि जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार. गावात त्याला धयकालो म्हणतात. ‘नाटक किती वाजता?’ या प्रश्नाला ‘धाक’, म्हणजे दहाला, असं उत्तर मिळतं. हे दहा देवळाचे असतात, घड्याळाचे नव्हेत. आधी पालखी, प्रदक्षिणा, ओट्या भरायची रांग. नाटक उभं राहायला मध्यरात्र उजाडते. तोवर खाजा खावा. बेसनाच्या कांड्या, वरून आलं घातलेला गूळ. दाढेखाली हळू धरावा, पहिल्याच चाव्याला मर्दुमकी दाखवू नये.

चटई, शाल आणि विजेरी न्यावी. दव पडतं आणि दोन वाजता ते थेट मणक्यात उतरतं. बसताना नट ज्या वाटेनं येतात ती वाट सोडावी. नाहीतर तलवार उगारलेला राक्षस आपल्या डोक्यावरून उडी मारून रंगमंचावर जातो आणि प्रेक्षक ते नाटकाचा भाग समजून टाळ्या देतात. आधी आडदशावतार : गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि काळ्या वेषातला संकासूर, जो फर्मास मालवणी बोलतो. शहरी टोळ्यांची नेमकी चूक इथे होते. संकासूर संपला की ‘छान होतं’ म्हणून त्या उठतात. अहो, ती फक्त सुरुवात होती. खरं आख्यान त्यानंतर. त्यात राजा येतो आणि इतकं छापील, इतकं अलंकारिक मराठी बोलू लागतो की आपल्याला आपली दहावीची उत्तरपत्रिका आठवून शरम वाटावी. आणि यातलं काहीही लिहिलेलं नसतं. कथानक ठरलेलं, संवाद जागच्या जागी. समोरचा नट तोडीस तोड निघाला तर नारद-राजाचा वाद अर्धा तास चालतो, पायपेटी आणि पखवाज त्याला खतपाणी घालतात, मागून कोणीतरी बक्षीस पाठवतं. उठायचंच असेल तर युद्ध संपल्यावर उठावं. वादाच्या मधे उठलात तर संकासुराच्या जातीचा नट तुम्हाला संवादात घेतो, आणि त्याची मालवणी तुम्हाला कळली नाही तरी बाकीच्या चारशे लोकांना कळते.

राणीचं काम पुरुष करतो. दर टोळीत एक जण असतो, जो हे पहाटेपर्यंत मान्य करत नाही. मग राणी नऊवारी सावरत चहाच्या टपरीवर येऊन विडी मागते.

उजाडताना सहातले दोन चटईवर झोपलेले, त्यातला एक खाज्याच्या पुडीवर डोकं ठेवून, दोघं पहिली एस्टी पकडायची की काकींकडे जाऊन आंघोळ करायची यावर भांडताहेत, आणि आखणीवाला वहीचं पुढचं पान उघडून वाचतोय : ‘दिवस पाचवा. वेंगुर्ले. समुद्र, निवांत.’ चहावाल्याला मी तिथी विचारतो. षष्ठी. सहा पाऊणे साडेचार.