पाच तुकडे आणि चार माणसे

आधुनिक जपानी रेस्टॉरंटमध्ये आपली पहिली परीक्षा दाराशीच होते, कारण ते दार सापडत नाही. जपानात साध्यातल्या साध्या खाणावळीबाहेरही ‘नोरेन’ नावाचा कापडी पडदा टांगलेला असतो. तो बाहेर आहे म्हणजे दुकान उघडे आहे आणि आत घेतला म्हणजे बंद झाले, इतकी त्याची भाषा सरळ असते. आपण जिथे निघाला आहात तिथे मात्र काळी भिंत, तिच्यात काळे दार आणि त्या दाराला कुठेही न दिसणारी मूठ असते. गोंधळून जाऊ नये. फोन बाहेर काढून एखादा महत्त्वाचा निरोप वाचत असल्याचा अभिनय करावा आणि दुसरे कोणी आत शिरू लागले की त्याच्या मागोमाग शिरावे. आत पाऊल पडताच सगळे आचारी एका सुरात ‘इराश्शाइमासे’ असे ओरडतील. ‘या, यावे’ एवढाच त्याचा अर्थ असून जपानात गिऱ्हाइकाने त्याला उत्तर देण्याची पद्धत नाही. आपण मात्र कमरेत वाकून उत्तर द्यावे, शक्य तर दोनदा, म्हणजे आपण जपान पाहून आलो आहोत असे सोबतच्या मंडळींना वाटेल.

डोळे अंधाराला सरावले की मेनू हाती येतो आणि त्यापाठोपाठ एक विनम्र तरुण येऊन विचारतो, “आपण यापूर्वी आमच्याकडे आला आहात का?” जेवण समजावून सांगावे लागते अशा ठिकाणी आपण आलो आहोत, याची ही सूचना असते. नाही म्हणाल तर तो दहा मिनिटे समजावून सांगेल. हो म्हणाल तर मागवायचे काय आणि किती, हे आपले आपल्यालाच ठरवावे लागेल. अनुभवी माणसे “आलो होतो, पण तेव्हा तुमचा मेनू वेगळा होता” असे सांगतात आणि दोन्ही संकटांतून सुटतात. तरीही एक वाक्य तो ऐकवल्याशिवाय राहत नाही: पदार्थ सर्वांनी वाटून खायचे असून ते जसजसे तयार होतील तसतसे येतील. जपानी जेवणाच्या दोन रीती निदान मला तरी समजतात. घरगुती जेवणात भात, एक सूप आणि तीन पदार्थ असे सगळे एकदम समोर मांडतात, आणि चहाच्या समारंभातून वाढलेल्या ‘काइसेकी’ जेवणात कशानंतर काय यायचे याचा क्रम इतका काटेकोर असतो की ऋतू बदलला तर वाडगासुद्धा बदलतो. स्वयंपाकघराला सवड होईल तेव्हा, सवड होईल ते पाठविण्याची ही तिसरी रीत मात्र संपूर्णपणे आधुनिक आहे. आपण तिला सोय म्हणू नये, तत्त्वज्ञान म्हणावे, आणि भाजलेले मांस आधी, सूप मध्यंतरी आणि मिठात उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा सर्वांत शेवटी आल्या तरी मान डोलवावी.

आता मुख्य विषयाकडे वळू. आपण चौघे आहात आणि पहिल्या ताटलीत कुरकुरीत तळलेल्या भाताच्या वड्यांवर तिखट टूना रचून केलेले पाच तुकडे आले आहेत. हे पाच का, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक असले तरी तो तोंडातून बाहेर पडता कामा नये, कारण त्याचे उत्तर जाणकाराला ठाऊक असते: जपानी भाषेत चारचा एक उच्चार ‘शी’ असा होतो आणि मृत्यूसाठीचा शब्दही ‘शी’ असाच आहे, म्हणून चार ही संख्या अशुभ मानतात, तिकडे पारंपरिक ताटल्या-वाट्यांचे संचसुद्धा पाचांचे मिळतात. हे आपण मोठ्याने सांगावे. मंडळी प्रभावित होतील, आणि त्यानंतर प्रत्येकाच्या वाट्याला एक तुकडा येऊन पाचवा ताटलीत एकटा उरेल. इथून पुढची संपूर्ण संध्याकाळ त्या तुकड्याभोवती फिरणार आहे, हे ध्यानात असावे. प्रत्येक जण तो दुसऱ्याने घ्यावा म्हणून आग्रह करील आणि कोणीही घेणार नाही. वाढपी तीनदा येऊन “हे नेऊ का?” असे विचारील आणि चौघेही एकदम, किंचित जास्तच जोराने, नाही म्हणतील. अशा वेळी एखादा उदार मनाचा मित्र तो आपल्या चॉपस्टिकने उचलून आपल्यापुढे धरतो, आपण तो आपल्या चॉपस्टिकने झेलायला जाता, आणि क्षणभर तो तुकडा दोन जोड्यांच्या मध्ये लोंबकळत राहतो. जपानी पंगतीत याहून अभद्र कृत्य नाही, कारण दहनानंतर मृताच्या अस्थी नातेवाईक अशाच रीतीने एका चॉपस्टिककडून दुसरीकडे देऊन कलशात ठेवतात. (भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचण्याचेही तेच, तो मृताला दाखवायचा भात.) चार आकड्याचे मरण टाळून आपण थेट स्मशानात पोहोचला आहात, पण प्रकाश मंद असल्यामुळे फारसे कोणी पाहिलेले नसते, एवढा दिलासा आहे. तुकडा ताटलीत परत ठेवावा.

एवढ्यात सुशीही येते. सुशी खाण्याची रीत शिकायची असेल तर आचाऱ्यासमोरच्या लाकडी काउंटरकडे पाहण्याचा मोह टाळावा. तिथे एक वृद्ध गृहस्थ एकटेच बसलेले असतील. मी जिथे जिथे गेलो तिथे ते होते. ते सुशी हाताने उचलतात, उलटी करतात, माशाची बाजू सोया सॉसला जेमतेम टेकवतात आणि एका घासात संपवितात. हे दृश्य पाहून आपण विचलित होऊ नये. नीट विचार करता त्यांचे वागणे इतिहासाला धरून आहे, आणि हीच त्यांची चूक आहे. भाताच्या गोळीवर मासा दाबून केलेली निगिरी सुशी १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोक्योत, उदयाला आली. तिचे श्रेय बहुधा हानाया योहेइ यांना देतात. ती रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जाई, आजच्यापेक्षा आकाराने बरीच मोठी असे आणि घाईत असलेला माणूस ती उभ्या उभ्या हाताने खाऊन चालू लागे. थोडक्यात, ती गरजू माणसाची झटपट न्याहारी होती. अशा वंशाच्या पदार्थाला आज जी प्रतिष्ठा मिळाली आहे ती हाताने खाऊन घालवायची काय? आपण चॉपस्टिकच वापराव्यात, गोळी मध्येच फुटू द्यावी आणि भात एकेक दाणा करून टिपावा. वेळ चांगला जातो आणि पोट भरल्याचा भासही होतो.

सोया सॉसच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. वाटी काठोकाठ भरावी, तिच्यात वासाबीची हिरवी गोळी पूर्ण कालवून चिखलासारखा रंग आणावा आणि भाताची बाजू खाली करून सुशी त्यात बुडवावी, म्हणजे भात सॉस पिऊन फुगेल आणि माशाची चव कोणाला त्रास देणार नाही. आचाऱ्याने मासा आणि भात यांच्यामध्ये आधीच वासाबी लावलेली असते, हे विसरून जावे. खरी वासाबी थंड, वाहत्या पाण्यात वाढते, तयार व्हायला साधारण दीड-दोन वर्षे घेते, पारंपरिक रीतीनुसार शार्कच्या कातड्याच्या किसणीवर किसतात आणि किसल्यानंतर काही मिनिटांतच तिचा सुगंध उडू लागतो. साहजिकच जगभर वासाबी म्हणून जे वाढले जाते ते बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिशचे मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचे मिश्रण असते. ते नाकात जाऊन डोळ्यांतून पाणी आले की आपण डोळे मिटून “अस्सल” असे म्हणावे. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन घासांच्या मध्ये जीभ स्वच्छ करण्यासाठी असतात. त्या सुशीवर ठेवून खाल्ल्या तर ताटली अधिक शोभिवंत दिसते आणि फोटोही चांगला येतो.

संभाषणात टूनाचा विषय काढणे फायद्याचे असते. त्याच्या पोटाजवळच्या चरबीदार भागाला ‘तोरो’ म्हणतात आणि तो तोंडात घेताच चौघांनीही बोलणे थांबवायचे असते. याच भागाला दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानात फारशी किंमत नव्हती, चरबीमुळे तो लवकर नासे आणि मांजरसुद्धा ओलांडून जाईल असे त्याचे वर्णन करीत, हे सांगून मौन मोडू नये. त्याऐवजी २०१९ सालच्या जानेवारीत टोक्योच्या तोयोसु बाजारातील नववर्षाच्या लिलावात २७८ किलोचा एक टूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, हे सांगावे; आकडा ऐकून मंडळी आपापला घास जास्त वेळ चघळतील. सॅमनची सुशी आली की ‘हजारो वर्षांची जपानी परंपरा’ असे शब्द उच्चारायला हरकत नाही. प्रशांत महासागरातल्या सॅमनमध्ये परजीवी आढळत असल्यामुळे जपानी माणूस तो मासा शिजवून किंवा भाजूनच खात आला आणि कच्चा सॅमन सुशीवर आला तो १९८० च्या दशकात, आपल्या पाळीव सॅमनला गिऱ्हाईक शोधणाऱ्या नॉर्वेच्या ‘प्रोजेक्ट जपान’ या मोहिमेमुळे. पण टेबलावरची मेणबत्ती, काळी ताटली आणि तिच्या कोपऱ्यात ठेवलेला तो एकुलता एक दगड यांच्या सहवासात नॉर्वेच्या मत्स्यखात्याचे नाव घेणे बरे दिसत नाही.

मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्यात, मुरवून भाजलेला ‘ब्लॅक कॉड’ मागवावाच लागतो, कारण तो मागवला नाही तर आपण आधुनिक जपानी रेस्टॉरंटमध्ये आलो होतो हे सिद्ध करता येत नाही. मिसोत मासा मुरविण्याची क्योटोकडची जुनी रीत नोबू मात्सुहिसा यांनी अमेरिकेत नेऊन जगप्रसिद्ध केली. पेरू देशात काही वर्षे काढून आलेल्या या आचाऱ्याने १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या नावाचे रेस्टॉरंट उघडले आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक काळ्या दारामागे हा मासा हजर असतो. तो कॉड नसतो, सेबलफिश असतो. मला तो मनापासून आवडतो, म्हणून त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही.

चव कशी आहे असे कोणी विचारले तर “उमामी” एवढेच उत्तर द्यावे. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री वनस्पतीच्या रसातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला हे नाव दिले; पुढच्याच वर्षी ते ‘अजिनोमोटो’ या पांढऱ्या पुडीच्या रूपाने बाजारात आले. त्या पुडीच्या नावाने नाके मुरडणारी मंडळीच उमामीच्या नावाने डोळे मिटतात, तेव्हा आपणही दोन्ही क्रिया सवडीनुसार कराव्यात. साके, म्हणजे तांदळाची दारू, मागविताना ‘दाइगिंजो’ म्हणावे. तांदळाचा दाणा घासून घासून निम्मा किंवा त्याहूनही कमी उरला की त्यापासून ही साके करतात, आणि या ठिकाणच्या एकूण विचारसरणीशी ते सुसंगतच आहे.

शेवटी कोणीतरी सुचवील की पुढच्या वेळी आपण ‘ओमाकासे’ घेऊ. ‘तुमच्यावर सोपवतो’ असा त्याचा अर्थ. काय खायचे ते आचाऱ्याने ठरवायचे आणि आपण खायचे. या सूचनेला तत्काळ अनुमोदन द्यावे, मात्र त्यासाठी काउंटरवर बसावे लागेल, आचारी प्रत्येक घास हातात देईल आणि तो फोटोसाठी न थांबता लगेच खावा अशी त्याची अपेक्षा असेल, हे कळल्यावर सर्वांच्याच तारखा जुळेनाशा होतील.

हे सगळे चालू असताना काउंटरवरचे ते वृद्ध गृहस्थ उठलेले असतील. त्यांना येऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल. त्यांनी काही मोजक्या गोळ्या खाल्ल्या, चहा प्यायले, आचाऱ्याशी माशाविषयी दोन वाक्ये बोलले आणि आता ते ‘गोचिसोसामा देश्ता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असे म्हणून निघतील. संध्याकाळभर दगडी चेहऱ्याने उभा असलेला तो आचारी हात पुसून वाकेल आणि पहिल्यांदाच मनापासून हसेल. आपण त्या गृहस्थांच्या बरोबर मागच्या टेबलावर बसला असल्यामुळे हे हसू आपल्यालाच उद्देशून आहे असे समजायला काहीच हरकत नाही. आपले तिन्ही सोबती माना वळवून तिकडे पाहत असतील. तेवढ्यात तो पाचवा तुकडा उचलावा. हाताने.