तुमच्याकडे बरं अजगर चालतो!

नानामामांच्या पोपटावरून सध्या आमचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटलाय. सोसायटीतल्या कुणीतरी 'पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, तक्रार करीन' असा दम भरला. झालं! 'तुमच्या लंडनात अजगर पाळतात, आम्हाला साधा राघू चालत नाही. सांग रे यांना,' म्हणून मामांनी मलाच साक्षीला उभं केलं.

मामा, अजगर चालतो, खरंय. बिनविषारी, म्हणून परवाना नाही. पण नाग पाळायचा तर १९७६च्या कायद्याखाली कौन्सिलचा परवाना काढा, पशुवैद्याला जागा दाखवा, वर विमा उतरवा. १९६९ साली ज्या शहरात हॅरॉड्समधून सिंहाचा छावा विकत आणता येत होता, तिथली ही गत. बत्तीस शिराळ्याच्या नागांवरून कोर्टाला शिव्या घालणाऱ्यांनी जरा वाचावं.

आणि आपला कायदा काही वेडगळ नाही. मकावसारखा परदेशी पोपट नोंदणी करून ठेवता येतो, २०२४चे नियम आहेत. देशी पोपटाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, कारण बाजारातलं पिल्लू बहुतेक वेळा झाडाच्या ढोलीतूनच ओढून काढलेलं असतं, धड पिसंही फुटलेली नसताना. हे सगळं मी तावातावाने लिहिलं. 'इकडे नियम म्हणजे नियम' हेही ठोकून दिलं.

मामांची एकच ओळ आली : 'मिरजेचा मिठू विसरलास वाटतं?'

विसरेन कसा? आजोबा कात्रीने त्याची पिसं छाटायचे, तेव्हा त्याला फडक्यात गुंडाळून धरायचं काम माझं. एकदा अंगठ्याचं सालटं काढलं होतं त्याने. मी रडलो, आणि मार मिठूला बसला.

आता ट्विकनहॅममध्ये आमच्या मागच्या अंगणात तेच पोपट उतरतात. लाल चोच, गळ्याला कंठ, थवेच्या थवे. कुणाकुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेल्यांची पिलावळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हळूच 'मिठूमिठू' करून बघतो. ढुंकूनही बघत नाहीत.

परवा शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय हा कलकलाट! आपल्याकडचे नव्हेतच हे पक्षी."

"नाहीतर काय," मी म्हणालो.

फीडरमध्ये साउथॉलहून आणलेले शेंगदाणे मीच भरतो, हे काही त्यांना सांगितलं नाही. मामांना तर नाहीच.