चार महिने अर्ज कुणाच्या टेबलावर होता?

दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. रागात उत्तर लिहायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस घेतले. या दोन दिवसांत तुमची काही वाक्यं मला पटली आणि एक अजूनही पटत नाही. दोन्ही सांगते.

नंतर येणाऱ्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. शिष्यवृत्तीचे अर्ज का अडकतात यावर मी लिहिलेल्या लेखात उत्पन्नाचा दाखला, नावातला फरक, आधार, शेवटची तारीख असं सगळं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "माझ्या बहिणीने यातलं सगळं वेळेत केलं. तरी अर्ज चार महिने कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिला. मग दाखला अस्पष्ट म्हणून परत आला, तेव्हा तारीख संपली होती. आता कॉलेज म्हणतं फी भरा, नाहीतर टीसी नाही. तुम्ही स्वतः त्या टेबलावर बसलेल्या, म्हणून तुम्हाला फक्त पोरांच्या चुका दिसतात. पोरांना शिकवणं बंद करा आणि यंत्रणेला जाब विचारा."

टेबलाबद्दलचं तुमचं वाक्य खरं आहे. नऊ वर्षं मी एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात होते. त्या खुर्चीवरून समोर उभा असलेला विद्यार्थी आणि त्याच्या हातातला चुकीचा कागद दिसतो. आपल्या स्वतःच्या लॉगिनला किती अर्ज किती दिवस पडून आहेत, हे दिसत असूनही दिसत नाही. एका वर्षी एका अभ्यासक्रमाचा मंजूर फीचा तक्ता यायचा होता, म्हणून मी त्या वर्गाचे अर्ज पुढे पाठवले नाहीत. मुदत दोनदा वाढली होती, तिसऱ्यांदाही वाढेल असं धरून चालले. ती वाढली नाही. अकरा विद्यार्थी त्या वर्षी राहिले. त्यांच्यातली एक मुलगी रोज दुपारी येऊन विचारायची, "मॅडम, माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या लेखात चुकांची एवढी यादी होती आणि त्या मुलीला त्यात जागा नव्हती. तुमच्या बहिणीलाही नव्हती. याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते.

आता अर्ज कसा फिरतो ते सांगते, कारण "यंत्रणा" या शब्दाला जाब विचारता येत नाही. जाब टेबलाला विचारावा लागतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, विद्यार्थ्याने अर्ज पाठवला की तो आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांच्या. मग खात्याकडे. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी ते खातं म्हणजे जिल्ह्याचं समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालय. आदिवासी विद्यार्थ्यांचा अर्ज आदिवासी विकास खात्याच्या प्रकल्प कार्यालयाकडे जातो, आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेचा अभ्यासक्रमाप्रमाणे उच्च किंवा तंत्रशिक्षणाच्या कार्यालयाकडे. यातल्या कोणत्याही टेबलावरून अर्ज उलटा फिरू शकतो. त्याला सगळे "सेंड बॅक" म्हणतात.

या सेंड बॅकमध्येच सगळ्यात जास्त पोरं बुडतात. अर्ज परत आल्याचा निरोप नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. गावाकडे कितीतरी नोंदण्या नेट कॅफेवाल्याने किंवा मल्टी सर्व्हिसेसवाल्याने केलेल्या असतात, नंबर त्याचा, पासवर्डही त्याच्याच वहीत. निरोप त्याच्या फोनवर येऊन पडतो आणि मुलगी वसतिगृहात पैशांची वाट बघत राहते. हे मी तुमच्या बहिणीबद्दल म्हणत नाही. तिचा अर्ज परत येईपर्यंतच चार महिने गेले होते. दाखला अस्पष्ट आहे हे पहिल्या आठवड्यात कळतं, ते सांगायला चार महिने लागत नाहीत. मी ते काम केलंय, म्हणून एवढं ठामपणे लिहिते.

मग अर्ज पडून का राहतात? बऱ्याच ठिकाणी एकच लिपिक प्रवेश, परीक्षा अर्ज आणि शिष्यवृत्ती असं सगळं बघतो. नूतनीकरणाच्या अर्जात मागच्या वर्षाचा निकाल लागतो, आणि विद्यापीठाचा निकाल रखडला की अर्ज रखडतो. फीचा तक्ता पोर्टलवर आलेला नसतो. ही कारणं खरी आहेत. पण यातलं एकही कारण विद्यार्थ्याच्या हातातलं नाही, आणि तारीख संपल्याचा दंड मात्र त्यालाच बसतो. इथपर्यंत मी पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे.

पैशांच्या वाटेतही असंच आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, आणि तोही राज्याने आपले ४० टक्के सोडल्यावर. म्हणजे ४० अडकले की ६० ही अडकतात. फीची रक्कम हातात आल्यापासून सात दिवसांत महाविद्यालयाला भरावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ज्या घरात मजुरीवर चूल पेटते त्या घरातल्या खात्यात वर्षाची फी एकरकमी येते, कधीकधी पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. तोपर्यंत बापाने व्याजाने काढून फी भरलेली असते, किंवा भरलेली नसते आणि पोरीला वर्गात उभं केलेलं असतं. त्याच सूचनांमध्ये फ्रीशिप कार्डाचीही तरतूद आहे, आधी फी न घेता प्रवेश मिळावा म्हणून. ती सांगायला विद्यार्थ्याला कुणी बोलावत नाही, आणि सात दिवसांची आठवण करून द्यायला मात्र महाविद्यालयातून फोन येतो.

आधार लिंक आणि आधार सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लेखात होतं, तरी पुन्हा सांगते, कारण त्याच लेखाखाली तिघांनी विचारलंय. बँकेत आधार दिलं म्हणजे काम झालं असं नाही. सीडिंग म्हणजे सरकारी पैसा कोणत्या खात्यात जावा याची आधारशी केलेली नोंद. ज्या खात्याला आधार शेवटचं सीड केलं, डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा त्या खात्यात जातो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचे पैसे सिमकार्ड घेताना उघडल्या गेलेल्या खात्यात वर्षभर पडून होते, त्याला ते खातं असल्याचंच माहीत नव्हतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायला दोन मिनिटं लागतात. केवायसी पूर्ण नसलेल्या छोट्या खात्यावर मर्यादा असतात, म्हणून केवायसी पूर्ण आहे का तेही तपासून घ्या.

आता तुमचं न पटलेलं वाक्य. "पोरांना शिकवणं बंद करा." नाही दादा, ते मी बंद करणार नाही. त्या अकरा विद्यार्थ्यांच्या वेळी चौकशी झाली होती. सगळ्यांनी एकच विचारलं: विद्यार्थ्यांनी लेखी विचारणा केली होती का? कुणीच केली नव्हती. ती मुलगी रोज यायची, पण तोंडी विचारायची. कागदावर तिचं येणं कुठेच नव्हतं, त्यामुळे "विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला नाही" असं एक वाक्य लिहिलं गेलं आणि फाइल बंद झाली. ते वाक्य माझ्यासमोर लिहिलं गेलं आणि मी गप्प बसले. त्या दिवसापासून मी भेटेल त्या पोराला सांगते की साहेबांना भेट, पण हातात अर्ज घेऊन भेट, आणि ओसीवर, म्हणजे तुझ्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. चूक टेबलाची असेल तर ती टेबलाची होती हे सिद्ध करणारा तेवढाच कागद पोराकडे असतो.

तुमच्या बहिणीचं काम अजून गेलेलं नाही. तिच्या लॉगिनमध्ये अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं, तो आणि परत आल्याचा शेरा, दोन्हींचे आजच्या तारखेचे स्क्रीनशॉट काढा. प्राचार्यांच्या नावाने एक पानाचा अर्ज लिहा. त्यात अर्ज क्रमांक, पाठवल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि एकच मागणी: अर्ज पुन्हा खुला करण्यासाठी महाविद्यालयाने खात्याला पत्र द्यावं. मागच्या वर्षांच्या प्रलंबित अर्जांसाठी पोर्टल पुन्हा उघडल्याचं मी नोकरीत असताना पाहिलंय, पण त्यासाठी महाविद्यालयाचं पत्र लागतं. त्या अर्जाची प्रत सहायक आयुक्त कार्यालयाच्या आवक विभागात स्वतः नेऊन द्या, टपालाने नको.

टीसीबद्दल मला नीट सांगायला हवं, कारण इथे लोक अर्धवट ऐकून भांडायला जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावलं आहे की महाविद्यालयाने विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत. ते तिने प्रवेशाच्या वेळी दिलेल्या कागदांबद्दल आहे, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका वगैरे. ती आधी मागून घ्या. टीसी महाविद्यालयाला नव्याने द्यायची असते, म्हणून तिच्यासाठी वेगळा अर्ज करा आणि फी शिष्यवृत्तीतून येणे आहे, अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला प्रलंबित होता, असं त्यात स्पष्ट लिहा. नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो.

आणि जाब विचारायचाच असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. दहा रुपये, तीस दिवस. सहायक आयुक्त कार्यालयाकडे एवढंच विचारा की शेवटच्या तारखेला या महाविद्यालयाच्या लॉगिनला किती अर्ज प्रलंबित होते. तिच्या वर्गातली आणखी पोरं अडकली असतील, तर आकडा तुमच्या हातात येईल, आणि मग ही एकट्या बहिणीची तक्रार राहणार नाही.

अनुसूचित जातीची ही भारत सरकार शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना स्वतःला लंडनचं शिक्षण अर्धं सोडून परतावं लागलं होतं. पैसे थांबले की शिक्षण कसं थांबतं, हे त्यांनी सोसलं होतं. म्हणून खिडकीवर कुणी उपकार केल्यासारखं बोललं, तर बहिणीला मान खाली घालू देऊ नका.

जुना लेख मी काल रात्री बदलला. आता तो "अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते आधी बघा" इथून सुरू होतो आणि महाविद्यालयाकडून होणाऱ्या चुका त्यात पहिल्या आल्या आहेत. तुम्ही तिच्या दोन तारखा आणि परत आलेला शेरा मला कळवा, अर्ज क्रमांक मात्र इथे उघड्यावर टाकू नका. प्राचार्यांना द्यायच्या अर्जाचा मजकूर मी लिहून देते. सोमवारी खिडकी उघडायच्या आधी तो तुमच्या हातात असेल.