उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की मे महिन्यात समृद्धीवर ३३ पीएसआय हवा ठेवा म्हणणं म्हणजे टायर फोडायला सांगणं. शिर्डीजवळ थांबून तुम्ही मोजलीत, तीन चाकांत ३८ आणि मागच्या डाव्यात ३४ निघाली. तीन चाकांतली सोडून तुम्ही ३३वर आणलीत, आणि यापुढे २८च ठेवणार, नाहीतर नायट्रोजन भरणार.

३८ बरोबर आहे. सकाळी २५ अंशाला ३३ असलेली हवा आत ५५ अंशांपर्यंत तापली की तेवढीच दिसणार. ही वाढ कंपनीने आधीच धरलेली असते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा. टायरवर कोरलेली कमाल मर्यादा, बऱ्याच कारना ४४ किंवा ५१, तीही थंड टायरचीच.

टायर फुटतो तो बहुतेकदा कमी हवेने. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. १२०च्या वेगाला सेकंदात सतराएक वेळा. त्या वाकण्यानेच रबर तापतं, आतले थर सुटू लागतात. सरळ रस्त्यावर तासभर वेग मोडत नाही, मग निवायला उसंत कुठली? २८ ठेवून तुम्ही हेच ओढवून घेताय.

गरम टायरमधली हवा तर सोडूच नका. ३८ची ३३ केलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी २८-२९ भरेल. वाटेत भरावीच लागली तर स्टिकरपेक्षा ३-४ जास्त भरा आणि सकाळी नेमकी करा, तीही स्वतःच्या गेजने. पंपावरचे गेज दिवसभर आपटत असतात. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर स्टिकरवर पूर्ण लोडचा वेगळा आकडा असतो, तो लावा. त्याकडे सहसा कुणी बघतच नाही.

नायट्रोजन साध्या हवेतही ७८ टक्के असतो आणि तापल्यावर जवळपास तितकाच फुगतो. झिरपतो किंचित कमी. फुकट मिळाला तर घ्या.

मला खटकलं ते मागच्या डाव्या चाकातलं ३४. चारही चाकांत ३३ भरून निघाला असाल, तर हे चाक गळतंय. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर आतली पिन बदला. नाही आले तर पंक्चरवाल्याकडून चाक पाण्यात बुडवून बघा. टायर उतरवलाच तर आतून हात फिरवा. रबराची काळी भुकटी हाताला लागली तर पंक्चर काढत बसू नका, तो टायर बाद करा.